मुक्कामी एक, पुढे चालू

रिकामा रकाना मला बघवत नाही. याला दोष म्हणा नाहीतर गुण म्हणा, पण पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, नोंदणी शाखेत एकतीस वर्षं काढली की माणसाचं असंच होतं. मेव्हण्याच्या पेन्शनच्या अर्जात 'मृत्यूचा दिनांक' असा एक रकाना होता. तो कोरा कसा सोडायचा, म्हणून मी तिथे सुवाच्य अक्षरात 'अद्याप नाही' असं लिहिलं. मेव्हणा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. अर्ज पहिल्या फटक्यात मंजूर झाला, हे मात्र तो कोणाला सांगत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे. पोलिसांना सांगतानाही मी सुरुवात इथूनच केली होती. त्यांनी हा भाग लिहून घेतला नाही.

तर, आमच्या इमारतीची दरवर्षी एक सहल निघते आणि मी त्या सहलीचा चिटणीस आहे. चिटणीस कोणी निवडून देत नाही, तो तावडीत सापडतो. बस ठरवणं, खोल्या वाटणं आणि प्रत्येक थांब्यावर डोकी मोजणं ही माझी कामं. तीन वर्षांपूर्वी मी डोकी मोजताना तळमजल्यावरच्या बाईंच्या जागेवर उभी ठेवलेली उशी मोजली, आणि खुद्द बाई एका चहाच्या टपरीवर राहिल्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, सगळी इमारत त्यांना नुसतं बाईच म्हणते. दोन तास त्या तिथे बाकावर बसून होत्या आणि दोन तास बसमध्ये कोणाच्याही लक्षात आलं नाही. तेव्हापासून बाईंनी नियम घातला की डोकी मोजायची नाहीत, सह्या घ्यायच्या. माझ्या वहीत 'उतरलो' आणि 'चढलो' असे दोन रकाने असतात. लोक कुरकुरतात, पण त्यानंतर कोणी हरवलेलं नाही.

यंदा मी डोंगरातल्या एका तळ्याकाठचं अतिथिगृह ठरवलं. नऊ खोल्या, समोर पाणी, मागे झाडी. जिन्यातल्या फळ्यावर सूचना लावली आणि दुसऱ्याच दिवशी बाई दारात उभ्या. हातात वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण.

"चिटणीस, ही जागा तीच ना?"

कात्रण अकरा वर्षांपूर्वीचं होतं. सव्वीस वर्षांची एक परिचारिका चार दिवसांच्या रजेवर एकटीच तिथे उतरली होती. खोली सात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तळ्याकडे फिरायला गेली ती परत आली नाही. धक्क्याच्या कठड्याला तिच्या स्वेटरची फाटलेली बाही सापडली. खोलीत कोरीव मुठीची एक पुरुषी छत्री सापडली. छत्रीचा मालक सापडला नाही. तीही सापडली नाही.

"आपण जायचं नाही," बाई म्हणाल्या. "ज्या गावाला एका मुलीचं काय झालं ते शोधून काढता येत नाही, तिथे आपण होड्यांत बसून फोटो काढायचे? बहिष्कार घालायचा."

झालं. गच्चीवर सभा भरली. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "एकदा गुन्हा झाला त्या जागी पुन्हा होत नाही. दात काढला की तिथे परत दुखतं का?"

"शेजारचा दुखतो," बाई म्हणाल्या. डॉक्टरांना हे शास्त्र म्हणून मान्य करावं लागलं.

आमच्या सौभाग्यवतींनी वेगळंच काढलं. "आपल्या जिन्यातून सायकल चोरीला गेली. छडा लागला नाही. म्हणून आपण घरावर बहिष्कार घातला का?" यावर ज्यांची सायकल होती ते उठून म्हणाले की हा विषय निघालाच आहे तर त्यांना दोन शब्द बोलायचे आहेत. ते दोन शब्द चाळीस मिनिटं चालले.

शेवटी मतदान झालं. सहलीला नावं एकोणीस. जावं म्हणणारे नऊ, जाऊ नये म्हणणारे नऊ. अठरा जण माझ्याकडे बघायला लागले. आता हो म्हणावं तर बाई, आणि नाही म्हणावं तर बाकीचे. इकडे आड तिकडे विहीर. पण एकतीस वर्षं सरकारी भाकरी फुकट खाल्ली नाही. निर्णय घ्यायचा नसेल तेव्हा अहवाल मागवायचा, हे मी तिथे शिकलो. मी जाहीर केलं की चिटणीस प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल देतील.

"पाहणीला गेलात म्हणजे बहिष्कार मोडलाच की," ही म्हणाली. आणि स्वतःची बॅग भरायला गेली.

बस थांबते तिथेच पोलीस ठाणं होतं. म्हटलं, सुरुवात मुळापासून करू. आतला कारकून कपाळावर चष्मा चढवून जुन्या नस्त्यांना चिठ्ठ्या डकवत बसला होता.

"खोली सातच्या प्रकरणात काय झालं, ते विचारायचं होतं."

"तपास चालू आहे."

"अकरा वर्षं?"

"चालू आहे म्हटलं ना." त्याने डिंकाचं बोट पुसलं. "तुमचं नातं काय?"

"सहलीचं."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेऊन मला नीट पाहिलं. मग बऱ्याच मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, बारा वर्षं कागद हलला नाही की आमच्याकडे नस्ती बंद करून तळघरात टाकतात. हिची बारा वर्षं भरायला सात आठवडे राहिलेत. आता कशाला हात लावता?" कपाटातून ती नस्ती काढून तिच्या जागेची त्याने आधीच झाडलोट करून ठेवली होती.

अतिथिगृहात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, पण तळ्यावरून असं धुकं चढत होतं की समोरचा धक्का अर्धाच दिसत होता. व्यवस्थापक दारातच उभा. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, बोटांना शाई. शाई बघून मला जरा आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. त्याने आम्हाला खोली आठ दिली आणि चहा सांगितला. तीन कप आले.

"आम्ही दोघंच आहोत," मी म्हटलं.

"हो. पण मुक्कामी तीन आहेत," तो म्हणाला, आणि तिसरा कप घेऊन खोली सातच्या दारापाशी स्टुलावर ठेवून आला.

हिने माझा दंड धरला. एरवी बाजारातसुद्धा धरत नाही.

मग त्याने आपणहून नोंदवही दाखवली. काय वही ठेवली होती, वा. तारखा एकाखाली एक, खाडाखोड नाही. आणि प्रत्येक पानाची पहिली ओळ एकच, 'खोली ७, मुक्कामी एक, पुढे चालू.' येण्याच्या रकान्यात अकरा वर्षांपूर्वीची तारीख. जाण्याचा रकाना कोरा.

"ती गेल्याचं कोणी पाहिलेलं नाही," व्यवस्थापक म्हणाला. "मग 'गेली' असं मी कसं लिहू? मुक्कामी आहे म्हणूनच पुढे ओढतो. पोलिसांची नस्तीसुद्धा या ओळीवरच उभी आहे." जरा थांबून म्हणाला, "शिवाय मावशी रोज सकाळी येऊन बघतात."

मावशी म्हणजे त्या मुलीची आई. मुलगी शोधायला म्हणून आली ती इथेच राहिली. चादरी धुते, खोल्या आवरते. थोड्या वेळाने ती आमच्या खोलीत टॉवेल ठेवायला आली तेव्हा हिने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही, उभीच राहिली.

मला अहवाल लिहायचा होता. मी विचारलं, "मावशी, लोकांनी इथे यावं की येऊ नये, तुम्हाला काय वाटतं?"

"पहिली दोन वर्षं कोणी येतच नव्हतं," ती म्हणाली. "भीतीने म्हणा, रागाने म्हणा. मी, व्यवस्थापक आणि हे पाणी. ज्याने केलं त्याला काय, बरंच झालं. विचारायलाच कोणी नाही. मग लोक यायला लागले. तेही विचारत नाहीत. फोटो काढतात आणि जातात." तिने टॉवेलाची घडी पुन्हा घातली. "या किंवा येऊ नका. पण विचारा तरी."

शेजारच्या खोलीत नळ सुटल्याचा आवाज आला. थोडा वेळ वाहिला आणि बंद झाला.

"तिथे कोण आहे?" ही म्हणाली.

"कोणी नाही हो," मावशी म्हणाली. "मी चादर बदलते, तांब्या भरून ठेवते. सकाळी पाणी थोडं कमी असतं. व्यवस्थापक म्हणतात तांब्या झिरपतो." आणि ती गेली. तांब्या पितळेचा होता, मी दारातून पाहिला.

त्या रात्री झोप लागली नाही एवढंच सांगतो. त्यात काही घडलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

सकाळी दहा चाळीसला आम्ही निघालो. व्यवस्थापकाने वही पुढे केली. मी माझ्या ओळीत 'गेले, १०.४०' लिहून सही केली. हिच्या ओळीत लिहून सही केली. आणि हात थांबला नाही. वरच्या ओळीत जाण्याचा रकाना कोरा होता. एकतीस वर्षांचा हात, बसमधल्या वहीत अठरा जणांच्या मागे लागून रकाने भरून घेणारा हात. 'गेले, १०.४०,' आणि खाली माझी लफ्फेदार सही.

"अहो, काय केलंत हे?" ही म्हणाली.

व्यवस्थापकाचा चेहरा पांढराफटक पडला. खोडू का म्हणून मी विचारलं, तर तो म्हणाला, "या वहीत खाडाखोड चालत नाही." हे मला तो काय सांगणार. मी स्वतः लोकांना हेच सांगून हाकललेलं आहे.

तेवढ्यात मावशी आली. रोजच्यासारखी वहीपाशी उभी राहिली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट रकान्यापर्यंत सरकलं आणि थांबलं.

"गेली?" तिने विचारलं.

बोट पुढे वेळेच्या आकड्यावर सरकलं.

"दहा चाळीसला?" ती माझ्याकडे वळली. "तुम्ही पाहिलंत तिला? कोणाबरोबर होती?"

आयुष्यात मला माझीच एवढी लाज कधी वाटली नव्हती. मावशीने अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी असा प्रश्न विचारला होता की ज्याचं उत्तर मिळेल असं तिला वाटलं. मी म्हटलं, "नाही मावशी. मी फक्त रकाना भरला." तिने बोट वहीवरून उचललं. मग म्हणाली, "बरं." रागावली असती तर परवडलं असतं.

मी धावत ठाण्यात गेलो. म्हटलं, चूक माझी आहे, जबाब लिहून घ्या. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पहिल्यांदाच हसला.

"मुक्काम सोडल्याची नोंद झाली ना? म्हणजे ती गेली. गेलेल्या माणसाचा शोध कशाला? आता सात आठवडेही थांबायला नको. तीस दिवसांत नोंदीवर हरकत आली नाही, तर बंद."

"मग माझी हरकत घ्या."

"तुम्हीच नोंद केलीत. तुमच्या एकट्याची चालणार नाही. मुक्कामी राहिलेल्या लोकांची पाहिजे. आणि तिथे आता राहतंय कोण?"

घरी येईपर्यंत ही एक अक्षर बोलली नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, इतका लांबचा प्रवास इतक्या शांततेत कधी झाला नव्हता.

गच्चीवर पुन्हा सभा. मी अहवाल वाचायला उभा राहिलो आणि वाचला नाही. जे झालं ते सरळ सांगितलं. डॉक्टर म्हणाले की वकिलाला विचारा. सायकलवाले म्हणाले की त्यांच्या तक्रारीतही कारकुनाने असंच काहीसं केलं असणार, आता त्यांना कळलं. चौथ्या मजल्यावरच्या एकाने हळूच सुचवलं की चिटणीस बदलावा. मी मान खाली घालून उभा होतो. मग बाई उठल्या.

"त्या टपरीवर मी दोन तास बसले होते," त्या म्हणाल्या. "बस गेली हे मला दहा मिनिटांत कळलं होतं. बाकीचा वेळ मी एवढाच विचार करत होते की यांनी मला मोजलं असेल का. चिटणिसांनी उशी मोजली होती." कोणी हसलं नाही. "त्या पोरीला आता कोणीच मोजत नाही. एक आई मोजते. बहिष्कार मीच आणला होता, मीच मागे घेते. आपण जाऊ, राहू आणि विचारू. आणि चिटणीस, हरकतीचा कागद तुम्ही करा. निदान रेघा तरी सरळ येतील."

कागद मी घरी जेवणाच्या टेबलावर केला. वर मजकूर, 'खोली सातमधली व्यक्ती इथून गेलेली नाही. नोंद चुकीची आहे. आमची हरकत आहे.' खाली तीन रकाने, नाव, खोली, सही. आणि मोजून एकोणीस ओळी. पट्टी धरून. विसावी ओळ असती तर कोरी राहिली असती, आणि ते मला झेपलं नसतं.

सव्विसाव्या दिवशी आम्ही एकोणीस जण तळ्याकाठी उतरलो. खोल्या आठच मिळाल्या, कारण खोली सात भरलेली. चहाचे कप वीस आले आणि यावेळी कोणाला विचारावं लागलं नाही. दोन दिवस आमच्या लोकांनी त्या गावात जे विचारलं, ते अकरा वर्षांत कोणी विचारलं नसेल. डॉक्टरांनी होडीवाल्याचा दात बघता बघता त्याला विचारलं. तोंड उघडंच असल्यामुळे त्याला उत्तर देता आलं नाही, पण तो रडला, असं डॉक्टर म्हणतात. सायकलवाल्यांनी छत्री दुरुस्त करणाऱ्याला गाठून तशा कोरीव मुठीची छत्री कोणाकडे होती म्हणून तासभर छळलं. त्याने एक नाव सांगितलं आणि लगेच म्हणाला, मी सांगितलं म्हणू नका. सायकलवाल्यांनी ते नाव हातावर लिहून आणलं आणि दिवसभर हात धुतला नाही.

निघायच्या सकाळी व्हरांड्यात हरकतीचा कागद फिरवला. धुकं इतकं होतं की शेवटच्या खुर्चीवरचा माणूस दिसत नव्हता, नुसता हात पुढे येऊन कागद घेत होता. पहिली सही बाईंनी केली. कागद टोकापर्यंत गेला आणि परत माझ्याकडे आला. सवयीने मी मोजलं. एक ते एकोणीस. आणि खाली आणखी एक.

एकोणिसाव्या ओळीखाली विसावी रेघ होती, पट्टी न लावता ओढलेली. खोलीच्या रकान्यात सात. शेवटी बारीक, घाईची सही. नावाचा रकाना कोरा. तिथे कागद दमट लागत होता.

मी पुन्हा सगळ्यांना ओळीत उभं करून मोजलं. उशी नाही, माणसं. एकोणीस. कोणाचीही सही तशी नव्हती. व्यवस्थापकाने आपली वही उघडून त्याचं अक्षर दाखवलं. त्याचं नव्हतं.

कागद मावशीच्या हातात दिला. तिने बोट ठेवलं नाही, नुसतं बघितलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"ही तिची सही आहे असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल म्हातारी खुळावली. पण अकरा वर्षं मी सातच्या खोलीत तशीच शिरतेय." तिने हातातल्या चादरीची घडी सारखी केली. "आज आधी दार वाजवते."

ती आत गेली. दारावर टकटक ऐकू आली, दोनदा. बाईंनी माझा हात धरला होता, आणि दुसऱ्या बाजूने हिने. दार उघडल्याचा आवाज आला. कोणी उघडलं ते आम्ही बघायला गेलो नाही. बस लागली होती, आणि 'चढलो'च्या रकान्यात सगळ्यांनी कुरकुर न करता सह्या केल्या.

ठाण्यात मी एकटाच आत गेलो. छत्रीच्या मालकाच्या नावाची चिठ्ठी दिली, कागद दिला. कारकुनाने चष्मा खाली घेतला आणि डिंकाचं बोट ओळींवरून फिरवत मोजलं.

"माणसं एकोणीस म्हणालात. सह्या वीस?"

"हो."

"ही विसावी कोण? नावाचा रकाना कोरा का ठेवलात?"

माझा हात शिवशिवत होता. पेन खिशात होतं, आणि तिचं नाव मला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तो हात खिशावरून बाजूला घेतला.

"तपास चालू आहे," मी म्हटलं.

त्याने आमचा कागद नस्तीत डकवला, म्हणजे कागद हलला. मग उठून त्याने कपाटातल्या झाडलेल्या जागेवर ती नस्ती परत ठेवली, आणि वहीत आजची तारीख घातली.